रॉकचा अंक भिंतीवर, रागाचा अंक पेटीवर

प्रश्न असा आहे. उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला संगीत मासिकाचा एक पूर्ण अंक डिझाइन करायचा प्रकल्प आहे. रॉक, मेटल, हिप-हॉप, जॅझ, पाश्चात्त्य अभिजात आणि आपलं शास्त्रीय, या सगळ्यांच्या मासिकांची मांडणी एकमेकांपासून इतकी वेगळी का दिसते, त्यामागे कोणते संकेत आहेत आणि मराठीत करताना त्यातलं काय घ्यावं, काय सोडावं? प्रश्नासोबत चार कच्ची पानं आहेत. मेटलच्या पानाला काळी पार्श्वभूमी आणि काटेरी अक्षरं, शास्त्रीयच्या पानाला फिकट पिवळा रंग आणि कोपऱ्यात तंबोरा.

मी या कामात ब्रोमाइड, म्हणजे मजकूर उमटवलेला फोटोचा कागद, कापून चिकटवायचे तेव्हापासून आहे. आधी एका इंग्रजी रॉक मासिकात होते, नंतर संगीत संमेलनांच्या स्मरणिका केल्या आणि आता बरीच वर्षं एका संगीत त्रैमासिकाची पानं लावते. त्या अनुभवावर उत्तर देते.

तुझा हात चांगला आहे, पानं स्वच्छ आहेत. पण तू रंग आणि फॉन्टपासून सुरुवात केलीस. ते सगळ्यात शेवटी ठरतं. आधी बघायचं ते हे की अंक हातात आल्यावर त्याचा वाचक त्याचं काय करतो. मधलं पान काढून भिंतीवर लावतो? रेकॉर्डचा क्रमांक वहीत उतरवून घेतो? पेटीवर उघडा ठेवून बंदिश बसवतो? प्रत्येक संगीतप्रकाराच्या मासिकाचे संकेत त्या वापरातून आले आहेत आणि सुरुवातीच्या काळात हाताशी जो कागद, जी छपाई, जेवढे पैसे होते त्यातून आले आहेत. नुसता वरचा रंग उचलला की पान त्या मासिकासारखं दिसतं, पण तसं वापरता येत नाही.

'रोलिंग स्टोन'पासून बघू, कारण तिथे सगळ्यांचा अंदाज चुकतो. पहिल्या अंकावर ९ नोव्हेंबर १९६७ ही तारीख आहे, गाव सॅन फ्रान्सिस्को, किंमत २५ सेंट, मुखपृष्ठावर एका चित्रपटातल्या सैनिकाच्या वेशातला जॉन लेनन. त्या शहरात तेव्हा सायकेडेलिक पोस्टरांची लाट होती, वितळल्यासारखी अक्षरं आणि डोळे दिपवणारे रंग. मास्टहेड, म्हणजे मुखपृष्ठावरचं मासिकाचं नाव, रिक ग्रिफिन या पोस्टर-चित्रकारानेच काढलं होतं. पण त्या मास्टहेडखालचं पान उघडून बघ. ते चक्क जुन्या वळणाचं वर्तमानपत्र आहे: टॅब्लॉइड आकार, न्यूजप्रिंट, अरुंद कॉलम आणि पानाभोवती एक जाड, एक बारीक अशी दुहेरी रेघ. संस्थापक जॅन वेनर आधी 'संडे रॅम्पार्ट्स' या पत्रात होता आणि तिथलाच साचा त्याने पुढे नेला. पैसे नव्हते हे कारण होतंच. पण हे लोक रॉकबद्दल बातमीदारी करणार होते, लांब मुलाखती छापणार होते, त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात 'हे खरं पत्र आहे' असा विश्वास बसायला हवा होता. ती दुहेरी रेघ पुढे कित्येक वर्षं मासिकाची ओळख होऊन राहिली.

नंतरच्या काळात त्यांनी त्यात भर घातली, पण पाया तोच. रॉजर ब्लॅक कलासंपादक असताना १९७७च्या दहाव्या वर्धापनदिनाच्या अंकासाठी जिम पार्किन्सनकडून मासिकाची स्वतःची अक्षरं करून घेतली गेली. पुढे फ्रेड वुडवर्ड कलासंपादक झाला, १९८७ ते २००१. त्याची लेखाची सुरुवातीची जोडपानं मी अजूनही विद्यार्थ्यांना दाखवते. एका पानावर माणसाचा पूर्ण फोटो, समोरच्या पानावर फक्त अक्षरं, आणि ती अक्षरं त्या माणसाच्या स्वभावाने वागतात. त्यानंतरची पानं मात्र एकदम शांत, नुसता मजकूर. ध्रुपदात आधी आलापीत राग ऐसपैस मांडून घेतात आणि मग बंदिश एका लयीत चालते, तसं. तुझ्या पानांत प्रत्येक पान जोरात बोलतंय. लेख चार पानांचा असेल तर पहिल्या दोन पानांत काय ते दाखव आणि उरलेली दोन वाचणाऱ्यासाठी मोकळी सोड.

अजून एक, मुखपृष्ठाबद्दल. रॉकच्या मासिकावर कव्हर लाइन, म्हणजे आतल्या लेखांची जाहिरात करणाऱ्या ओळी, भरपूर असतात, कारण स्टॉलवर तीन सेकंदांत गिऱ्हाईक थांबवायचं असतं. पण २२ जानेवारी १९८१चा 'रोलिंग स्टोन' काढून बघ. ॲनी लीबोविट्झने ८ डिसेंबर १९८० रोजी काढलेला, योको ओनोला बिलगलेल्या लेननचा फोटो, आणि त्याच दिवशी काही तासांनी त्याचा खून झाला. त्या अंकावर एकही कव्हर लाइन नाही. नियम मोडण्याची हिंमत कधी करायची, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. जेव्हा वाचकाला बातमी आधीच माहीत असते आणि त्याला फक्त बघायचं असतं, तेव्हा.

ब्रिटनमध्ये हेच संगीत ऐकणारी पिढी मोठी झाली, हातात पैसे आले, घरात सीडी प्लेअर आला, आणि १९८६ साली मार्क एलन आणि डेव्हिड हेपवर्थ यांनी 'क्यू' काढलं. लाल चौकोनात पांढरं अक्षर, गुळगुळीत कागद, मागे लांबलचक परीक्षणांचा विभाग. तो विभाग खरेदीच्या यादीसारखा लावलेला असायचा: नाव ठळक, तारे ठरलेल्या जागी, प्रत्येक परीक्षण ठरलेल्या उंचीचं. नजर फक्त ताऱ्यांवरून खाली घसरत गेली तरी काम व्हायचं. तुझ्या अंकात परीक्षणांचं पान असेलच, त्याला कलाकुसर करू नकोस. ते वेळापत्रकासारखं वाचता आलं पाहिजे.

आता मेटल. 'केरँग!' १९८१च्या जूनमध्ये 'साउंड्स' या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून निघालं, मुखपृष्ठावर एसी/डीसीचा अँगस यंग. नाव म्हणजे गिटारचा कॉर्ड खच्चून वाजवला की येणारा आवाज. आपल्याकडे 'कडाड्' म्हणतात तशातलं. उद्गारचिन्ह नावातच आहे आणि मास्टहेडची अक्षरं तडकलेल्या काचेसारखी. पान गच्च: तिरपे फोटो, चौकटीत चौकट, पिवळे-लाल तुकडे, फोटोच्या ओळींमध्येसुद्धा आरडाओरडा. तू काळा रंग घेतलास पण गर्दी घेतली नाहीस, म्हणून तुझं पान मेटलऐवजी महागड्या घड्याळाच्या जाहिरातीसारखं दिसतंय. मेटलच्या मासिकात मोकळी जागा परकी वाटते. वाचक शाळा-कॉलेजातला असतो, तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही. मध्येच उघडतो, एक चौकट वाचतो, मित्राला दाखवतो. प्रत्येक चौकट स्वतंत्र उभी राहिली पाहिजे. आणि त्या गर्दीच्या खाली ग्रिड, म्हणजे पानाची न दिसणारी आखणी, कडक असते. फोटो तिरका ठेवायचा तर त्याच्या शेजारच्या चार गोष्टी सरळ असाव्या लागतात, नाहीतर तिरकेपणा दिसतच नाही.

पोस्टर हा त्या वापराचा गाभा. ते मध्यभागी पिनेवर येतं, म्हणजे पिन उचकटून न फाडता निघतं. त्याच्या पाठीवर लेखाचा शेवट टाकलास तर पोस्टर भिंतीवर लागल्यावर लेख गेला. म्हणून पाठीवर दुसरं पोस्टर किंवा जाहिरात. कुठल्या बाजूने लावायचं हे पोरांनी ठरवावं. तुझ्या डमीत मधल्या जोडपानावर मुलाखत आहे, ती तिथून हलव.

मेटलमध्ये बॅंडचं नाव बहुतेक वेळा टाइपात लावत नाहीत, बॅंडचा लोगो जसाच्या तसा घेतात. एक्स्ट्रीम मेटलचे लोगो तर मुळांच्या जाळ्यासारखे असतात, डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी. 'एम्परर' या बॅंडचा लोगो करणारा बेल्जियन चित्रकार क्रिस्तोफ श्पायडेल याची कामं बघ. नाव वाचता येत नाही आणि ते मुद्दाम असतं, ज्याला माहीत आहे त्याने ओळखावं. देवनागरीत हे करताना शिरोरेषा आडवी येते. वरचा भाग एका सरळ रेषेने बांधला जातो आणि झाडासारखी वाढ फक्त खालच्या बाजूला मिळते. माझ्या एका विद्यार्थ्याने शिरोरेषेलाच फांदी केली होती आणि अक्षरं तिला वटवाघळांसारखी लोंबती ठेवली होती. तोपर्यंत मी पाहिलेला देवनागरीतला सर्वांत पटणारा मेटल लोगो तो.

काळ्यावर पांढरा मजकूर देताना प्रेसची आठवण ठेव. नऊ पॉइंटाचं रोमन काळ्यात कसंबसं तगतं, नऊ पॉइंटाची देवनागरी नाही. शाई पसरते आणि ध, ष, क्ष यांची पोटं बुजतात, रफार आणि मात्रा मिटतात. अकराच्या खाली जाऊ नकोस आणि अक्षराचं वजन एक पायरी वाढव. गडद काळ्यासाठी खाली सायन (छपाईची निळी शाई) घालायची सवय पुष्कळांना आहे. मोठ्या हेडिंगमागे चालते, पण बारीक मजकुरामागे फक्त काळा ठेव. रजिस्ट्रेशन, म्हणजे एका रंगावर दुसरा रंग नेमका बसणं, केसभर हललं की प्रत्येक पांढऱ्या वेलांटीला निळी कड येते.

पंकबद्दल थोडक्यात. 'स्निफिन ग्लू' १९७६ साली लंडनमध्ये मार्क पेरी या बॅंकेतल्या कारकुनाने काढलं: टाइपरायटर, मार्कर पेन, झेरॉक्स. वेडंवाकडं दिसतं कारण ते वेडंवाकडंच केलेलं होतं. आपल्याकडे साठच्या दशकात मुंबईतली लघुअनियतकालिकं सायक्लोस्टाइलवर निघाली तीही याच गरजेतून. तुला हा प्रकार करायचा असेल तर संगणकावर 'फाटक्या कागदाचा इफेक्ट' लावू नकोस, कात्री-डिंक घे आणि झेरॉक्सच्या दुकानात जा. एका दुपारचं काम आहे.

हिप-हॉपमध्ये विद्यार्थी हटकून एक चूक करतात: स्प्रे-पेंटची ग्राफिटी अक्षरं. या संगीताच्या मोठ्या मासिकांची पानं चाळ, ग्राफिटी फार कमी सापडेल. 'द सोर्स' १९८८ साली हार्वर्डमधल्या डेव्हिड मेज आणि जॉन शेक्टर यांनी साधं बातमीपत्र म्हणून सुरू केलं. 'व्हाइब' १९९३ साली क्विन्सी जोन्सने टाइम कंपनीबरोबर काढलं आणि त्याची मांडणी सरळसरळ फॅशन मासिकाच्या घराण्यातली: मोठे फोटो, भक्कम साधे अक्षरप्रकार, समासाला जागा. मुखपृष्ठावर कलाकार थेट कॅमेऱ्यात बघतो. रॉकचा गायक डोळे मिटून गाताना चालतो, इथे नजर लागते. मला त्याचं कारण असं वाटतं की ज्या वस्तीतल्या मुलांचे फोटो पेपरात बहुतेक वेळा गुन्ह्याच्या बातमीसोबत यायचे, त्यांना इथे पहिल्यांदा स्टुडिओतला प्रकाश आणि अख्खं पान मिळालं. त्या पानाला मान हवा होता, खडबडीतपणा नको होता.

याच भावनेतून १९९८ साली 'एक्सएक्सएल' मासिकाने एक फोटो काढवला. त्याच्या ४० वर्षं आधी, १९५८ साली, आर्ट केन याने 'एस्क्वायर'साठी हार्लेममधल्या एका घराच्या पायऱ्यांवर ५७ जॅझ कलाकार उभे करून फोटो घेतला होता. 'एक्सएक्सएल'ने त्याच जागी हिप-हॉपचे कलाकार जमवले आणि कॅमेरा दिला गॉर्डन पार्क्सच्या हातात. एका फोटोने सांगितलं की आम्ही कोणाचे वारस आहोत. मराठी रॅपवर अंक करायचा असेल तर हा धडा घे. भिंतीवरच्या रंगीत चित्रासमोर उभं करण्याआधी विचार कर की या मुलांची परंपरा कुठली आणि त्यांना कुठल्या पायरीवर उभं करावं.

परीक्षणाची खूणसुद्धा त्या-त्या जगातून येते. जॅझचं 'डाउनबीट' तारे देतं. 'द सोर्स' माइक द्यायचं, पाचापैकी किती, आणि पाच माइक मिळणं ही वर्षानुवर्षं बोलली जाणारी गोष्ट होती. 'एक्सएक्सएल' कपड्यांची मापं वापरायचं, स्मॉलपासून डबल एक्सएलपर्यंत, आणि तेच त्याचं नाव. 'बीबीसी म्युझिक मॅगझिन' वादनाला वेगळे तारे आणि ध्वनिमुद्रणाला वेगळे तारे देतं, कारण त्याचा वाचक दोन्ही वेगवेगळं ऐकतो. तू शास्त्रीयच्या परीक्षणाला पाचपैकी साडेतीन तंबोरे दिलेस, ते काढून टाक. आपल्याकडे मैफलीचं परीक्षण वाचणारा माणूस 'राग कुठला, बंदिश कुठली, साथीला कोण, किती वेळ' हे आधी शोधतो. ती माहिती एका चौकटीत, ठरलेल्या क्रमाने दे.

'डाउनबीट' १९३४ साली शिकागोत निघालं. त्याचा वाचक पहिल्यापासून वाजवणारा, म्हणून त्यात सोलोचं स्वरलेखन येतं आणि ते स्टॅंडवर ठेवता येईल असं लावलेलं असतं. पण जॅझचं म्हणून जे दृश्य रूप आपल्या डोळ्यांसमोर येतं, एक-दोन रंग, धुरात बुडालेला कृष्णधवल फोटो, कापून काढलेली अक्षरं, ते मासिकांपेक्षा ब्लू नोट कंपनीच्या रेकॉर्डच्या वेष्टनांतून आलं. फोटो फ्रान्सिस वुल्फचे, मांडणी रीड माइल्सची. रंग कमी कारण पैसे कमी. आणि माइल्सला स्वतःला जॅझची फारशी गोडी नव्हती, तो अभिजात संगीत ऐकायचा. मला हे नेहमी धीर देणारं वाटतं: त्या संगीताचा भक्त असणं ही अट नाही, वाजवणारा कसा बसतो, ऐकणारा कसा ऐकतो, हे नीट बघणं ही अट आहे. लंडनचं 'द वायर', १९८२ पासूनचं, त्याच संयमाला पुढे घेऊन गेलं. पांढरी जागा भरपूर, आणि ती शोभते, कारण वाचक एकटा बसून हळूहळू वाचणारा आहे.

'रे गन' या अमेरिकन संगीत मासिकाबद्दल तू विचारलं नाहीस, पण प्राध्यापक विचारतील. डेव्हिड कार्सनने १९९४ साली ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून झॅप्फ डिंगबॅट्समध्ये, म्हणजे नुसत्या चिन्हांत, लावली. तोडायला आधी नियम पाठ असावे लागतात एवढंच मी म्हणेन. देवनागरीत अक्षरं एकमेकांवर चढवताना मात्रा, अनुस्वार आणि रफार यांची अदलाबदल झाली तर पान बंडखोर दिसत नाही, चुकीचं दिसतं.

आता अभिजात संगीत. इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

'ग्रामोफोन' १९२३ पासून निघतं, कॉम्प्टन मॅकेन्झीने सुरू केलेलं. त्याच्या परीक्षण-पानाचं शीर्षक बघ: आधी रचनाकाराचं नाव ठळक, मग कृती, मग वादक आणि संचालक, मग कंपनी आणि रेकॉर्ड क्रमांक. रचनाकाराचं नाव पहिलं, कारण बेथोव्हेनची तीच सिंफनी पन्नास जणांनी वाजवलेली असते आणि वाचक त्यांची तुलना करायला आलेला असतो. हा क्रम उचलून आपल्या शास्त्रीय मासिकात लावला की घोटाळा होतो. आपल्याकडे माणूस आधी, मग राग, मग ताल आणि बंदिश. बंदिशीचा कर्ता शेवटी, पुष्कळदा तो पारंपरिकच. म्हणजे दोन्ही 'शास्त्रीय' असूनही ठळक टाइप कुणाला द्यायचा हे वेगळं. तुझ्या पानावर रागाचं नाव ३६ पॉइंटात आणि गायिकेचं ११ पॉइंटात आहे, ते उलट कर.

आपल्या संगीत मासिकांची परंपरा शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांची आहे. हाथरसचं 'संगीत' १९३५ पासूनचं. मराठीत गांधर्व महाविद्यालय मंडळाचं 'संगीत कला विहार', ज्याचं संपादन प्रा. बी. आर. देवधरांनी केलं. चेन्नईचं 'श्रुती' १९८३चं, इंग्रजीत, संगीत-नृत्य दोन्हींसाठी. यांची पानं तुला साधी, कदाचित जुनाट वाटतील. पण त्यात स्वरलिपी, म्हणजे अक्षरांत आणि खुणांत लिहिलेले स्वर, असते तेव्हा त्या पानाइतकं अवघड काम दुसरं कुठलंच नाही, आणि तू त्याला हातच लावलेला नाहीस.

स्वरलिपीच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब, तार (वरच्या) सप्तकाला वर टिंब, एका मात्रेतले स्वर खालच्या कमानीने बांधलेले. कागदावर पेनने लिहायला सोपं. टाइपात लावताना रे वरची मात्रा आणि नि ची वेलांटी तार सप्तकाच्या टिंबाच्या जागेवर बसलेली असते. म्हणून टाइप करणारे सरळ अनुस्वार देतात, सां, रें, गं, आणि वाचणारेही ते तार सप्तक म्हणूनच वाचतात. खालच्या टिंबासाठी नुक्ता वापरतात. इथवर निभावतं. पण मंद्रातला कोमल निषाद आला की खाली रेघही हवी आणि टिंबही हवं, आणि दोन्ही एकाच जागी धडकतात. टिंब रेघेच्या खाली, रेघेपासून सुटं दिसलं पाहिजे. त्यासाठी ओळींतलं अंतर वाढवावं लागतं. मी स्वर १३ पॉइंटात लावते आणि स्वरांच्या एका ओळीपासून पुढच्या स्वरांच्या ओळीपर्यंत जवळजवळ ४० पॉइंट सोडते, कारण मध्ये बंदिशीचे शब्द आणि त्याखाली तालाच्या खुणा येतात.

दरबारी कानडा हा या दृष्टीने सर्वांत कठीण राग. गंधार, धैवत, निषाद कोमल, आणि राग रमतो मंद्र सप्तकात. म्हणजे पानभर रेघा आणि टिंबं. फिल्मच्या काळात आम्ही एका स्मरणिकेत दरबारीची बंदिश लावली होती. प्रूफ तीनदा वाचलं होतं. छापून आली तेव्हा मंद्राची निम्मी टिंबं गायब. प्रेसमध्ये निगेटिव्ह प्रकाशाच्या टेबलावर ठेवून त्यावरची धुळीने पडलेली बारीक भोकं तांबड्या रंगाने बुजवतात. तिथल्या माणसाला टिंबं ही भोकंच वाटली आणि त्याने अतिशय मन लावून एकेक बुजवली. काही आवर्तनं मंद्रात, काही मध्य सप्तकात, असा दरबारी छापला गेला. एका ज्येष्ठ शिक्षिकेचा फोन आला, त्या रागावल्या नव्हत्या, त्यांनी फक्त ती ओळ फोनवर गाऊन दाखवली. तेव्हापासून मी स्वरलिपीच्या पानासोबत प्रेसला वेगळी चिठ्ठी देते: या पानावरचं एकही टिंब धूळ नाही. आता प्लेट थेट संगणकावरून निघते, तरी देते. फॉन्ट बदलला की टिंबं उडतात, म्हणून ते पान आउटलाइन करूनच, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून, पाठवायचं.

ग्रिड तालाने ठरव. त्रितालाच्या १६ मात्रा एका ओळीत बसवायच्या म्हटल्या तर मासिकाच्या पानावर मात्रेला जेमतेम सेंटिमीटरभर जागा मिळते, आणि एका मात्रेत चार स्वर आले की ते बाहेर सांडतात. मी अर्धं आवर्तन एका ओळीत घेते, आठ रकाने. द्रुत त्रितालातल्या पुष्कळ बंदिशी नवव्या मात्रेपासून, कालापासून (जिथे टाळी नसते) उठतात. मग पहिल्या ओळीत काल आणि तिसरी टाळी, दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. डोळा नव्या ओळीवर येतो आणि नेमका समेवर टेकतो. हेच आठ रकाने अंकाची ग्रिड म्हणून घेतले की मजकुराचे दोन कॉलम चार-चार रकान्यांचे होतात आणि स्वरलिपीचं पान अंकात उपरं वाटत नाही. झपतालाला मात्र हे जबरदस्तीने लावू नकोस. दोन-तीन-दोन-तीनचं वजन रकान्यांच्या रुंदीतच दिसलं पाहिजे, त्याला दहा रकान्यांची वेगळी पट्टी कर.

बांधणीचाही विचार याच पानासाठी कर. पाठीला गोंद लावून बांधलेला अंक पेटीवर उघडा राहत नाही, मिटतो. पिनेचा अंक सपाट पडतो. आणि वाजवणाऱ्याचा एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर असतो, पान उलटायला तिसरा हात नाही. त्यामुळे बंदिश, अंतऱ्यासकट, समोरासमोरच्या दोन पानांत संपली पाहिजे. एखादी जाहिरात सरकवावी लागली तर सरकव.

फोटोंचं बघ. रॉकचा गायक उभा असतो, तो उभ्या पानात आपोआप बसतो. आपली बैठक आडवी असते: मध्ये गायक, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे दोन तंबोरे. म्हणून सगळे तो फोटो जोडपानावर पसरतात आणि गायकाच्या चेहऱ्यावरूनच पानांची घडी जाते. फोटो डावीकडे सरकव, घडी गायक आणि पेटीवाला यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून जाऊ दे. आणि मागच्या तंबोरेवाल्या मुलींना क्रॉपमध्ये कापू नकोस. दोन तास त्यांनी स्वर धरून ठेवलेला असतो, त्यांच्या घरी तो अंक जपून ठेवला जातो.

राहिलं हेडिंगचं. पाश्चात्त्य मासिकांचा निम्मा आवाज कॅपिटल अक्षरांतून येतो आणि आपल्याकडे कॅपिटल नाहीत. अक्षरांत अंतर वाढवून हवेशीर करायची सोयही नाही, शिरोरेषा तुटते. आपल्या हातात वजन, आकार आणि ओळ कुठे तोडायची एवढंच आहे. ड्रॉप कॅप, म्हणजे लेखाचं पहिलं अक्षर मोठं, करायची तर पहिला शब्द बघून कर. 'तान'चं ता चांगलं उभं राहतं, 'निषाद'चं नि खाली आलं की वेलांटी वरच्या ओळीत घुसते. पहिलं वाक्य बदलून मिळतं का ते लेखकाला विचार, बहुतेक देतात.

पुढचा खर्डा छापून, पिन मारून घे. स्वरलिपीचं पान उघडून जमिनीवर ठेव, समोर मांडी घालून बस, आणि शिकणाऱ्या कुणालातरी तीन फुटांवरून ती बंदिश वाचून गायला सांग. तो जिथे पुढे वाकेल, त्या जागेवर पेन्सिलने खूण कर.